ट्रॅक्टर-लोडर : तेलाचा दाब आणि उचलीची मर्यादा

लहान ट्रॅक्टर ही आता ग्रामीण भागात नवलाईची वस्तू राहिलेली नाही. द्राक्ष-डाळिंबांच्या बागांतून फवारणीसाठी व आंतरमशागतीसाठी आलेल्या वीस ते तीस अश्वशक्तीच्या या ट्रॅक्टरला पुढील बाजूस लोडर बसविला की त्याची उपयुक्तता एकदम वाढते. उकिरड्यातील खत भरणे, गटारातून काढलेला गाळ हलविणे, गावरस्त्याच्या खड्ड्यांत मुरूम टाकणे, आठवड्याच्या बाजारानंतर साचलेला कचरा उचलणे अशी कितीतरी कामे त्याच्या साहाय्याने होतात. राज्यात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाल्यानंतर त्यात आणखी एका कामाची भर पडली. तलावातील गाळ उपसण्याचे काम मोठी यंत्रे करतात. परंतु शेतात येऊन पडलेले गाळाचे ढीग पसरविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी या लहान लोडरवरच येते.

या कामात एक तक्रार वारंवार ऐकू येते. ‘लोडर उचलत नाही.’ कालपर्यंत भरलेली बकेट सहज वर जात होती, आज ती जमिनीवरून हलत नाही. किंवा खताची बकेट उचलली जाते, पण गाळाची उचलली जात नाही. अशा वेळी गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री बोलावला जातो. तो झडपेवरील एक स्क्रू अर्धा-पाऊण फेरा आवळतो आणि बकेट उचलली जाते. सर्वांचे समाधान होते. त्या अर्ध्या फेऱ्याने यंत्राच्या कोणत्या भागावर किती भार वाढला, याची नोंद मात्र कोठेही होत नाही. ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर असेल तर ज्यांच्या स्वाक्षरीने तो खरेदी झाला त्यांनाही ते कळत नाही, आणि जो चालक रोज त्यावर बसतो त्यालाही सांगितले जात नाही. तो स्क्रू काय करतो आणि तो केव्हा फिरवावयाचा, हे समजून घेण्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. गुणाकार-भागाकार आणि शाळेत शिकलेला पास्कलचा नियम एवढे त्यासाठी पुरे आहे.

दाब, क्षेत्रफळ आणि तरफ

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. त्याचा व्यवहारात मोठा उपयोग जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने केला; त्याने १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्यावर थोडे बल लावून मोठ्या दट्ट्यावर पुष्कळ बल मिळविणे, हे त्या यंत्राचे सूत्र. शिक्षकांना हे वर्गात दाखविणे अवघड नाही. एक बारीक व एक जाड अशा सुया काढलेल्या दोन सिरिंज पाणी भरून रबरी नळीने जोडाव्यात. बारीक सिरिंजचा दट्ट्या एका बोटाने दाबला, तर जाड सिरिंजचा दट्ट्या थोपविण्यास संपूर्ण तळहात लावावा लागतो.

लोडरमध्ये बारीक सिरिंजची जागा इंजिनवर चालणाऱ्या पंपाने घेतलेली असते. पंप टाकीतून तेल ओढतो, नियंत्रण झडपेकडे पाठवितो, आणि चालकाने लिव्हर ओढताच ते तेल लोडरच्या दोन्ही बाहूंखालील सिलिंडरांत शिरून दट्टे बाहेर ढकलते. पंप स्वतः दाब निर्माण करीत नाही. तो तेलाचा प्रवाह निर्माण करतो. प्रवाहाला अडथळा आला म्हणजे दाब चढतो. रिकामी बकेट उचलताना दाब कमी असतो, भरलेली उचलताना वाढतो, आणि बकेट एखाद्या झाडाच्या बुंध्यात अडकली तर तो कोठवर वाढेल याला पंपाच्या बाजूने मर्यादाच नसते. इंजिन बंद पडेपर्यंत किंवा काहीतरी फुटेपर्यंत तो वाढत राहील. हे होऊ नये म्हणून एक दाबमुक्ती झडप बसविलेली असते. मिस्त्री मंडळी तिला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. हिच्यात एक स्प्रिंग असते. तेलाचा दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की झडप उघडते आणि तेल पुन्हा टाकीत जाते. मिस्त्री जो स्क्रू आवळतो तो या स्प्रिंगवरचा. काही रचनांत स्क्रूऐवजी स्प्रिंगमागे पातळ चकत्या घातलेल्या असतात, त्यांना शिम म्हणतात. स्क्रू आवळला किंवा शिम वाढविली की झडप अधिक दाबाला उघडू लागते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही विशिष्ट बनावटीचे नव्हेत. परंतु लहान लोडरचे आकडे साधारणतः याच घरात असतात. सिलिंडरचा आतील व्यास ४० मिलिमीटर धरला, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.५७ चौरस सेंटिमीटर येते. झडप दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम या दाबावर लावलेली असेल, तर दोन सिलिंडर मिळून सुमारे ३,७७० किलोचा जोर लावतात. हा आकडा ऐकून पावणेचार टन उचलणारे यंत्र हाती आले असे वाटेल. तसे नाही. सिलिंडर बाहूच्या बिजागरीपासून अगदी जवळ जोडलेला असतो आणि बकेट लांब टोकाला असते. सिलिंडरच्या जोराचे बिजागरीपासूनचे लंब अंतर २२ सेंटिमीटर आणि बकेटमधील मालाच्या मध्याचे अंतर २ मीटर धरले, तर टोकाला ४१५ किलोच उचलले जातील. त्यातून बाहू आणि बकेट यांचे स्वतःचे वजन वजा करावयास हवे. ते टोकाच्या हिशेबाने १२५ किलो धरले, म्हणजे मालासाठी राहिले २९० किलो.

स्क्रू आवळून दाब १५० वरून १८० केला तर काय होते? जोर वीस टक्क्यांनी वाढून टोकाला सुमारे ४९८ किलो उचलले जातात. बाहूंचे वजन तेच राहते. मालाचा वाटा २९० वरून ३७३ किलोंवर जातो. म्हणजे दाब वीस टक्के वाढविला आणि उचल सुमारे एकोणतीस टक्के वाढली. या स्क्रूचा मोह का पडतो, हे यावरून ध्यानात येईल. मिस्त्रीचे म्हणणे खोटे नसते. स्क्रू फिरविल्याने खरोखरच अधिक वजन उचलले जाते. प्रश्न पुढचा आहे.

वजन कोणाच्या माथी जाते

एक हजार किलो वजनाचा ट्रॅक्टर घ्या. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर दीड मीटर. सपाटीवर उभा असताना पुढच्या चाकांवर ४०० किलो आणि मागच्या चाकांवर ६०० किलो भार आहे. त्याला २५० किलोंचा लोडर बसविला व त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या ४० सेंटिमीटर पुढे आला, तर पुढची चाके सुमारे ७१७ किलो आणि मागची ५३३ किलो भार वाहू लागतात. बकेट अद्याप रिकामीच आहे, तरीही मागची चाके मूळच्यापेक्षा हलकी झाली. कारण लोडर पुढच्या आसाच्याही पुढे लोंबतो आणि पुढचा आस त्या तराजूचा आधारबिंदू होतो.

आता बकेटमध्ये २९० किलो माल घ्या. तो पुढच्या आसाच्या १ मीटर २० सेंटिमीटर पुढे असेल, तर मागच्या चाकांवरून आणखी २३२ किलो निघून जातात. पुढे सुमारे १,२३९ किलो, मागे ३०१. पुढच्या आसावर मूळच्या तिप्पट भार आला! स्क्रू आवळून ३७३ किलो उचलले, तर पुढे १,३८८ आणि मागे अवघे २३५ किलो राहतात. बाहू आडवे होतात त्या क्षणी माल आणखी पुढे जातो, तेव्हा स्थिती याहूनही वाईट असते. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात. ज्या चाकांवर वजन नाही, त्यांचा ब्रेक लावून उपयोग काय? उतारावर ती घसरतात. बाजूला खळगा आला की ट्रॅक्टर कलंडतो. पुढचा आस मध्यभागी खिळीवर झुलता बसविलेला असल्यामुळे कलंडण्यास आरंभ होताना पुढच्या चाकांचा आधार मिळत नाही. तो आधार मागच्या चाकांनीच द्यावयाचा असतो, आणि तीच हलकी झालेली असतात.

यावर उपाय आहे, आणि तो झडपेपाशी नसून ट्रॅक्टरच्या मागे आहे. मागच्या तीन-बिंदू जोडणीला २०० किलोचे वजन, मागच्या आसाच्या ७५ सेंटिमीटर मागे लावले, तर मागच्या चाकांवर २०० नव्हे, ३०० किलो वाढतात, आणि पुढच्या आसावरून १०० किलो उतरतात. वरच्या उदाहरणात २९० किलोची बकेट उचललेली असताना मागे पुन्हा ६०१ किलो येतात, म्हणजे लोडर नसतानाचा भार जवळजवळ पूर्ववत होतो, आणि पुढचा आस १,१३९ किलोंवर येतो. काँक्रीटचा ठोकळा, दगड भरलेली लोखंडी पेटी, वेळप्रसंगी मागे जोडलेला रोटाव्हेटरसुद्धा हे काम करतो. ज्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे आणि मागे काहीच नाही, तो अर्धवट सज्ज आहे असे समजावे. पुढच्या टायरांतील हवाही लोडरच्या कामासाठी हस्तपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत वाढवावी लागते. शेतकामासाठी ठेवलेली कमी हवा येथे चालत नाही.

झडपेला न दिसणारा दाब

दाबमुक्ती झडप आहे म्हणजे यंत्र सर्व प्रसंगी सुरक्षित आहे, हा समज बरोबर नाही. मुख्य झडप पंपाच्या बाजूला असते. चालक लिव्हर मधोमध आणतो तेव्हा सिलिंडरातील तेल कोंडले जाते आणि मुख्य झडपेचा त्याच्याशी संबंध तुटतो. भरलेली बकेट वेगाने खाली येत असताना लिव्हर एकदम मधोमध आणला तर काय होते, ते पाहण्याजोगे आहे. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने उतरणारी बकेट एक दशांश सेकंदात थांबली, तर मालाचे, बाहूंचे व बकेटचे वजन त्या क्षणापुरते दीडपट झाल्यासारखे वागते. १५० चा दाब २२५ होतो. १८० वर लावलेल्या झडपेच्या आधाराने अधिक माल उचललेला असेल, तर तो २७० पर्यंत जातो. काही लोडरांत सिलिंडराच्या वाटेवर यासाठी वेगळी झडप असते, पुष्कळांत ती नसते. हा धक्का सोसतात ते नळ्या, खिळी आणि वेल्डिंगचे सांधे. खडबडीत रस्त्यावरून भरलेली बकेट घेऊन ट्रॅक्टर वेगाने नेला तरी हेच घडते.

वेल्डिंगचे सांधे एका दिवसात तुटत नाहीत. ते थकतात. पुनःपुन्हा ताण पडणाऱ्या वेल्डिंगच्या सांध्याचे आयुष्य साधारणतः ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे अभियांत्रिकीत मानले जाते. ताण वीस टक्के वाढला तर १.२ चा घन, म्हणजे सुमारे १.७३ पटीने आयुष्य घटते. दहा वर्षे टिकणारा सांधा सहा वर्षांच्या आतच तडकतो. तोपर्यंत स्क्रू कोणी फिरविला होता, हे कोणाच्या स्मरणात राहिलेले नसते. आणि तडा गेला की ‘कंपनीचे लोखंडच कच्चे’ असा निकाल दिला जातो.

उष्णतेचाही विचार करावयास हवा. बकेट अडकलेली असताना चालक लिव्हर ओढून धरतो, तेव्हा पंपाचे सर्व तेल झडपेतून टाकीत परतते आणि त्यातील शक्तीची केवळ उष्णता होते. पंप मिनिटाला २५ लिटर तेल देत असेल व दाब १५० असेल, तर ही शक्ती सुमारे सहा किलोवॅट भरते. एक किलोवॅटचे सहा हीटर तेलाच्या टाकीत सोडावेत, तसा हा प्रकार. तापलेले तेल पातळ होते, सीलमधून झिरपते, उचल आणखी मंदावते. आणि मग स्क्रू आणखी थोडा आवळला जातो.

आधी मोजा

लोडर उचलत नाही, असे म्हटले जाते तेव्हा त्या शब्दांत दोन भिन्न तक्रारी असू शकतात. बकेट उचलली जाते पण सावकाश, ही एक. आणि बकेट उचललीच जात नाही, ही दुसरी. जोर दाबावर अवलंबून असतो आणि वेग प्रवाहावर. सावकाश उचल होत असेल तर प्रवाह कमी पडत आहे: टाकीत तेल कमी आहे, शोषण-नळीवरील जाळी चोंदली आहे, कोठून तरी हवा ओढली जात आहे, किंवा पंप झिजला आहे. दाबमुक्तीचा स्क्रू फिरवून यांपैकी एकही दोष दूर होत नाही. लहान ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तेल बहुधा एकच असते. त्यामुळे गिअरची झीज जाळीत येऊन बसते. हस्तपुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीऐवजी दुकानात मिळेल ते इंजिन ऑइल त्यात ओतण्याची पद्धत पडली आहे, तीही सोडावयास हवी. तेल दुधासारखे दिसू लागले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि ते बदलावे.

बकेट मुळीच उचलली जात नसेल, तर दाब मोजावा. त्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला २५० किलोपर्यंत दाखविणारा दाबमापक पुरे होतो. १५० च्या कामाला ६० किंवा १०० पर्यंतचा मापक लावू नये, तो फुटेल. चाचणीसाठी ठेवलेल्या तोंडाला मापक जोडावा. तसे तोंड नसेल तर झडपेकडे जाणाऱ्या नळीत तीन तोंडांचा जोड बसवून तो लावावा. नळी सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन-तीन वेळा पुढे-मागे करून अडकलेला दाब मोकळा करावा. तेल कामाच्या तापमानाला आणून, म्हणजे हाताला चांगले गरम लागेल इतके झाल्यावर, इंजिन नेमून दिलेल्या फेऱ्यांवर चालवावे. नंतर रिकामी बकेट पूर्ण मागे वळवून सिलिंडर टोकाला पोचल्यावर लिव्हर तीन-चार सेकंदच धरून ठेवावा आणि आकडा वाचावा.

येथून पुढचा निर्णय त्या आकड्यावर. हस्तपुस्तिकेत दिलेला दाब मिळत असेल आणि तरीही बकेट उचलली जात नसेल, तर यंत्रात दोष नाही. भार अधिक आहे किंवा एखादी खिळी जाम झाली आहे. दाब कमी येत असेल, पण थंड असताना बरोबर आणि तेल तापल्यावर कमी असा फरक पडत असेल, तर पंप किंवा सील झिजले आहेत. दाब थंड-गरम दोन्ही वेळी सारखाच कमी येत असेल, तेव्हाच दाबमुक्ती झडपेकडे वळावे. तिथेही पहिले काम ती उघडून स्वच्छ करण्याचे. धातूचा एखादा कण झडपेच्या बैठकीवर अडकून ती किंचित उघडी राहणे, हा नेहमीचा दोष आहे. तो कण न काढता स्क्रू आवळला आणि मग एके दिवशी कण आपोआप निघून गेला, तर दाब एकदम मर्यादेपलीकडे उडी घेतो. स्प्रिंग थकलेली असेल तरच बसवणी बदलावी.

ती बदलण्याची रीत साधी आहे. इंजिन बंद, बकेट जमिनीवर. चेकनट सैल करून स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवावा, चेकनट आवळावा, इंजिन सुरू करून पुन्हा दाब वाचावा. शिम असतील तर एका वेळी एकच घालावी. दर शिममागे दाब किती वाढतो ते हस्तपुस्तिकेत दिलेले असते. इंजिन चालू ठेवून आणि लिव्हर ओढून धरून स्क्रू फिरविणे हा आपल्याकडील प्रघात धोक्याचा आहे. हस्तपुस्तिकेतील आकडा गाठला की थांबावे आणि स्क्रूवर रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे पुढे कोणी तो हलविल्यास दिसून येईल. मापकाशिवाय हे काम करू म्हणणाऱ्या कारागिराला, तो कितीही अनुभवी असला तरी, नम्रपणे नकार द्यावा.

आणखी एक गोष्ट कारागिरांच्याही नजरेतून निसटते. पुष्कळ जोडण्यांत दोन झडपा असतात: एक ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकची व दुसरी लोडरबरोबर आलेल्या नियंत्रण झडपेतील. दोहोंपैकी जी कमी दाबावर लावलेली असेल, तिचाच अंमल चालतो. लोडरची झडप आवळूनही फरक पडत नाही म्हणून ट्रॅक्टरची झडप आवळली, तर वाढीव दाब पंपावर व मागच्या उचल-यंत्रणेवरही येतो, आणि ती यंत्रणा त्या दाबासाठी बनविलेली नसते.

एका गावातील प्रशिक्षणवर्गात या सर्व पायऱ्या प्रत्यक्ष करून दाखविण्याचा प्रसंग आला होता. तक्रार नेहमीचीच होती. मापक लावला, तर दाब अगदी नेमका निघाला. उपस्थितांची थोडी निराशाच झाली. मग बकेट घेऊन ट्रॅक्टर जवळच्या वजनकाट्यावर नेला. बकेटची मापे शेणखताच्या हिशेबाने निवडलेली होती आणि तिच्यात तलावातील ओला गाळ शिगोशीग भरला जात होता. दोनशे लिटरच्या बकेटमध्ये कोरडे शेणखत सव्वाशे किलोंच्या आसपास बसते. ओल्या गाळाचे वजन तेवढ्याच जागेत ३४० किलोंच्या घरात जाते, शीग वेगळीच. दोष झडपेत नव्हता. बकेट तीच राहिली, माल बदलला होता.

खरेदीच्या वेळी विचारावयाचे प्रश्न

ग्रामपंचायतीने दरपत्रके मागविताना ‘उचलक्षमता’ एवढाच शब्द लिहिला, तर प्रत्येक विक्रेता आपल्याला सोयीचा आकडा देतो. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात छापलेली उचलक्षमता ही मागच्या तीन-बिंदू जोडणीची असते, पुढच्या लोडरची नव्हे. लोडरची क्षमता बकेटच्या खिळीपाशी सांगितली तर मोठी दिसते. खिळीच्या अर्धा मीटर पुढे, जिथे माल खरोखर असतो, तिथे ती बरीच कमी भरते. जमिनीलगतचा उपटण्याचा जोर आणि पूर्ण उंचीवरची उचल यांतही मोठा फरक असतो. म्हणून दरपत्रकातच लिहून मागावे: पूर्ण उंचीवर, खिळीच्या ५० सेंटिमीटर पुढे किती किलो, दाबमुक्तीचा दाब किती, पुढच्या आसावर जास्तीत जास्त किती भार चालतो, मागे किती वजन लावणे आवश्यक आहे आणि ते किमतीत धरले आहे काय. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकविषयी विक्रेत्याच्या शब्दापलीकडची माहिती हवी असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र शासनाच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा त्या नमुन्यावरील अहवाल मागावा.

आसावरील भार तपासण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. साखर कारखाना, बाजार समिती किंवा खडी केंद्र येथील वजनकाट्यावर प्रथम फक्त पुढची चाके, नंतर फक्त मागची चाके ठेवून वजन करावे. बकेट रिकामी असताना एकदा आणि नेहमीचा माल भरून, बकेट जमिनीलगत ठेवून एकदा. मागच्या चाकांवरचा आकडा एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या जवळ येऊ लागला, तर मागचे वजन वाढवावे किंवा बकेट लहान घ्यावी.

चालकाने पाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. भरलेली बकेट नेताना गुडघ्याच्या खाली ठेवावी. उतारावरून भरलेली बकेट घेऊन उतरावयाचे असल्यास मागे-मागे उतरावे, म्हणजे जड बाजू चढाकडे राहते. चार चाकांना गती देणारा ट्रॅक्टर असेल तर उतारावर ती जोडणी चालू ठेवावी. बकेट वर करण्यापूर्वी विजेच्या तारा पाहाव्यात. गावातील पथदिवा बदलण्यासाठी माणसाला बकेटमध्ये उभे करून वर नेण्याची जी पद्धत आहे, ती ग्रामपंचायतीने ठराव करून बंद करावी. एक नळी फुटली तर बकेट क्षणात खाली येते, आणि त्या वेळी दाबमुक्तीची झडप बरोबर लावलेली असली तरी उपयोग नसतो. बाहू वर असताना खाली वाकून काम करावयाचेच असेल, तर आधी बाहूंना लोखंडी टेकू द्यावा.

शेवटी तेलाच्या गळतीविषयी. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही. मात्र ती कातडी भेदून आत शिरते. गळती कोठे आहे ते बोट फिरवून पाहणे ही आपल्याकडील सवय यासाठी घातक आहे. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, त्यावर डाग पडेल तिथे छिद्र. तेल शरीरात शिरले तर आरंभी केवळ बारीक टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजून निकामी होऊ लागतो. अशा माणसाला हळद लावून घरी पाठवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, आणि जखम लहान दिसत असली तरी ती दाबाखालील तेलाची आहे, तेलाचे नाव अमुक आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तेलाच्या डब्यावरील नाव ट्रॅक्टरच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेले असावे. त्याच पानावर दाबमुक्तीचा आकडा, तो मोजल्याची तारीख आणि वजनकाट्याच्या दोन पावत्या चिकटवाव्यात.